न सोडवलेल्या कडा

उंदराची शेपटी कशी सोलायची हे मला उत्तम येतं. हे वाक्य मी हळदीकुंकवाला बोलले की बायका हातातली डिश खाली ठेवतात, पण त्याला माझा इलाज नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी मॅसॅच्युसेट्समध्ये, श्रूजबरीपासून गाडीने थोड्याच अंतरावर असलेल्या एका प्रयोगशाळेत नोकरी करत होते, आणि माझा आठवडा शेपट्यांपासून सुरू व्हायचा. कातडी काढली की आत पांढरेशुभ्र, चकचकीत दोरे दिसतात. चिमट्यात धरून ओढला की एकेक दोरा सुळकन बाहेर येतो. मी घरात अंडंसुद्धा न शिजवलेली नागपूरची मुलगी. पहिल्या दिवशी अर्धे डोळे मिटून ओढले. पुढे पुढे रेडिओवर हवामानाची बातमी ऐकत ओढायला लागले.

ताईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हात तरी नीट धुतेस ना गं?"

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. ती नागपूरला होती आणि माझी लेक तिच्याजवळ होती. आम्ही अमेरिकेला आलो तेव्हा लेक नुकती चालायला लागली होती. नवऱ्याला इकडच्या एका कॉम्प्युटर कंपनीत काम मिळालं, पाठोपाठ मला ही प्रयोगशाळा मिळाली, आणि घरातल्या सगळ्यांचं एकमत झालं की परक्या देशात, बर्फात, एवढं लहान मूल नेऊन दोघं कामावर गेल्यावर त्याच्याकडे बघणार कोण? ताईला मूल नव्हतं. "दोन वर्षं माझ्याकडे राहू दे, तुम्ही बस्तान बसवा," ती म्हणाली. मला ते पटलं नव्हतं आणि दुसरं काही सुचतही नव्हतं. दोन वर्षांची तीन झाली. बस्तान ही गोष्ट कधीच पूर्ण बसत नाही, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आता ते शेपटीतले दोरे. ते म्हणजे जवळजवळ निव्वळ कोलॅजेन. आपलं शरीर ज्या दोऱ्याने बांधलेलं असतं तो दोरा. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरेत हे दोरे एकाच दिशेने, ताणून लावल्यासारखे असतात. डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्यात थरावर थर असतात, एक उभा, त्यावर एक आडवा. कातडीत सगळीकडून विणलेले असतात. दोरा साधारण त्याच जातीचा, पण मांडणी जागोजागी वेगळी. कोंबडीच्या अंड्यात पिल्लू वाढत असताना या दोऱ्यांना त्यांची दिशा कोण दाखवतं, एवढाच आमच्या सरांचा प्रश्न होता, आणि तेवढ्यावर त्यांचे केस पिकले होते.

सर अमेरिकन होते. मी त्यांना नावाने हाक मारावी असा त्यांचा आग्रह होता, पण वडिलांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारणं माझ्या जिभेला काही जमलं नाही. शेवटी त्यांनीच नाद सोडला. त्यांच्या क्षेत्रात तेव्हा दोन तट होते. एक म्हणायचा, पेशी कोलॅजेनचा दोरा बाहेर सोडते तेव्हाच त्याची दिशा ठरवून देते. सर म्हणायचे, नुसतं तेवढ्याने भागत नाही. आधी गुंताही असतो, आणि पेशी तो गुंता धरून ओढतात. ओढत राहिलं की दोरे त्या ओढीच्या रेषेत येतात. पुढे दोघांचंही थोडं थोडं खरं निघालं. पण तेव्हा दोन्ही तट एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते.

सरांच्या म्हणण्याचा पुरावा मी बशीत करून दाखवायचे. शेपटीतले दोरे सौम्य आम्लात विरघळवले की दाटसर, पारदर्शक पाणी होतं. हे पाणी थंड असेपर्यंत पातळ राहतं आणि ऊब मिळाली की गोठतं, तुपाच्या बरोब्बर उलट. आम्ही त्या गोठलेल्याला जेल म्हणायचो. मराठीत वाचणाऱ्याला उगाच तुरुंग आठवेल, म्हणून मी जेलीच म्हणते. या जेलीत दोऱ्यांचा नुसता गुंता असतो, कशाला काही दिशा नसते. त्यात अंड्यातल्या पिल्लाच्या ऊतीचे दोन इवलेसे तुकडे एकमेकांपासून बोटभर अंतरावर ठेवायचे आणि बशी उबेच्या कपाटात ठेवून द्यायची. दोन्ही तुकड्यांमधल्या पेशी आपापल्या जागेवरून जेली ओढायला लागतात. एक-दोन दिवसांनी विशिष्ट प्रकारच्या प्रकाशात बशी बघितली की सगळं काळं दिसतं, आणि एका तुकड्यापासून दुसऱ्यापर्यंत एक उजळ पट्टा दिसतो. मधला गुंता सरळ झालेला असतो. मग पेशी त्या पट्ट्यावरूनच एकमेकांकडे चालत निघतात.

पहिल्यांदा हा पट्टा दिसला तेव्हा मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मुकाट रडले. सरांना वाटलं विज्ञानाचा आनंद झालाय. मी वाटू दिलं.

फोन महाग होता आणि ताईच्या घरी तो नव्हताच. शेजारच्या काकांकडे होता. म्हणून आम्ही कॅसेट पाठवायचो. इकडून कुणी भारतात निघालं की मी गोष्टी, बडबडगीतं, काय वाटेल ते टेप करून द्यायचे. तिकडून येणाऱ्याच्या सामानात ताईची कॅसेट असायची. त्यात लेक दूध प्यायली का, कुठे पडली, मागच्या गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं किती झाली, सगळं असायचं. मी स्वयंपाक करताना तेच तेच ऐकायचे, इतकं की कुकरची तिसरी शिट्टी कुठल्या वाक्याला होणार हे मला पाठ झालं. ताई प्रत्येक वेळी तिला सांगायची, "बोल, अमेरिकेतल्या आईशी बोल." लेक बोलायचीही. आणि एका कॅसेटमध्ये ती मध्येच थांबली आणि ताईला म्हणाली, "आई, ही मावशी टेपमध्येच राहते का?"

त्यानंतर खट् असा आवाज. ताईने बटण बंद केलं होतं.

ताईचा काय दोष? जी न्हाऊ घालते, जी तापात उशाशी बसते तिला मूल आई म्हणतं. हे सगळं मला कळत होतं. कळून उपयोग शून्य. मला त्या मुलीने आई म्हणायला हवं होतं. बाकी मला काही नको होतं, ना ग्रीन कार्ड, ना घर, ना सरांच्या पेपरवर माझं नाव.

शेवटी लेकीला आणायचं ठरलं. श्रूजबरीच्या एक काकू, तिथल्या एका डॉक्टरांच्या पत्नी, नागपूरला माहेरी गेल्या होत्या. परत येताना त्या तिला सोबत घेऊन येणार होत्या. ती येण्याच्या आधीच्या आठवड्यात माझं कामात लक्ष नव्हतं हे सांगायला नकोच. त्यातच ती चूक झाली.

जेली गोठली होती. छान, थरथरणारी, थेट खरवसासारखी. आमच्या घरी शेजारची म्हैस व्यायली की चीक यायचा आणि आई ताटलीत खरवस उकडायची. तो निवत आला की सुरीने कडा सोडवून घ्यायचं काम माझं. ताई वड्या पाडणार, मी कडा सोडवणार, अशी लहानपणापासूनची वाटणी. तर हातात पातळ पातं होतं, समोर बशीत खरवस होता, डोक्यात लेक होती, आणि माझ्या हाताने आपलं आपण बशीच्या कडेने पातं फिरवून, तळाखालूनही अलगद सरकवून जेली सुटी केली. एक नाही, त्या दिवशीच्या सगळ्या बशा. मला कळलंसुद्धा नाही.

दोन दिवसांनी बघितलं तर एकाही बशीत पट्टा नाही. बशीभर पसरलेली जेली आक्रसून शर्टाच्या बटणाएवढी झाली होती. दोन्ही तुकडे एकमेकांवर येऊन चिकटले होते, आणि आत जो काही गुंता होता तो जास्तच गच्च झाला होता. मी सरांना खरं काय ते सांगितलं, खरवसासकट. एका अमेरिकन माणसाला खरवस समजावून सांगणं हा वेगळा प्रयोग आहे. व्यालेल्या म्हशीचं पहिलं दूध तुम्ही खाता, आणि शेपट्यांची तुला किळस येते, असं काहीतरी ते पुटपुटले. मग बशी उजेडात धरून हसायला लागले.

"फारच छान झालं," ते म्हणाले. "पेशी ओढत होत्याच. पण जेलीला कडेने कुणी धरून ठेवलेलंच नाही. मग ताण बसणार कसा? नुसता गोळा होणार. आता हेच मुद्दाम कर. अर्ध्या बशांच्या कडा सोडव, अर्ध्यांच्या तशाच ठेव."

मी हो म्हटलं आणि विमानतळावर गेले.

काकू बाहेर आल्या. त्यांचं बोट धरून लाल स्वेटर घातलेली एक मुलगी होती. तो स्वेटर ताईने विणलेला होता, तिचे टाके मी कुठेही ओळखीन. मी खाली बसून हात पसरले. मुलीने काकूंकडे बघितलं. काकूंनी मान हलवली तशी ती पुढे आली आणि तिने मला वाकून नमस्कार केला. मोठ्या माणसांना नमस्कार करायचा असं ताईने शिकवलं होतं. पोटच्या पोरीने पाहुणीला करावा तसा मला नमस्कार केला, आणि मला आशीर्वादही सुचेना.

घरी आल्यावर तिने सगळ्या खोल्या बघितल्या, न्हाणीघरही बघितलं. मग विचारलं, "मावशी, आई काहून नाही आली?"

नवरा दुसऱ्या खोलीत निघून गेला. मी तिला सांगितलं की मीच आई आहे. तिने शांतपणे ऐकून घेतलं, मोठ्यांचं ऐकून घेतात तसं.

दर रविवारी सकाळी आम्ही ताईच्या शेजारच्या काकांच्या नंबरावर फोन लावायचो, तेव्हा तिकडे संध्याकाळ असायची. श्रूजबरीच्या काकूंना हे कळलं तेव्हा त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "फोन स्टॉप कर बघू आधी. मुलं फार लवकर विसरतात गं. एक महिना डिफिकल्ट जाईल, मग तुलाच चिकटेल."

नवऱ्याचंही तेच मत पडलं. "काकू म्हणतात ते लॉजिकल आहे यार. दोन दोन आया म्हणजे तिला कन्फ्यूजनच होणार."

मला फोन बंद करावाच लागला नाही, कारण ताईनेच ते करून टाकलं. पुढच्या रविवारी शेजारचे काका म्हणाले, ताई भाजी आणायला गेल्यात. त्याच्या पुढच्या रविवारी ताई कीर्तनाला गेल्या होत्या. माझी बहीण जन्मात कधी कीर्तनाला गेली नव्हती. मला सगळं समजलं. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी बरंही वाटलं, की आता ही माझी होईल.

ती कुणाचीच झाली नाही. आमच्या अपार्टमेंटमध्ये दाराशी कोट अडकवायचं कपाट होतं. ती त्यात जाऊन बसायला लागली, कोटांच्या खाली, गुडघे पोटाशी घेऊन. रडली असती तर मी समजूत घातली असती. ती रडायची नाही. हाक मारली की यायची, वरणभाताचे दोन घास खायची, आणि ताट तसंच ठेवून पुन्हा कपाटात. खिडकीबाहेर पहिला बर्फ पडला तो दाखवायला नवऱ्याने तिला उचलून नेलं. तिने बर्फ बघितला आणि "झालं?" असं विचारून खाली उतरली. रात्री झोपेत ती माझ्याकडे पाठ करून इतकी आखडून पडायची की माझा हात तिच्या पाठीवरून परत यायचा.

काकू म्हणाल्या, "गिव्ह इट टाइम." मी दिला.

एका शनिवारी सकाळी मी प्रयोगशाळेत गेले. पिल्लांना शनिवार-रविवार नसतो. सरांनी सांगितल्याप्रमाणे मी अर्ध्या बशांच्या कडा मुद्दाम सोडवल्या होत्या आणि अर्ध्या तशाच ठेवल्या होत्या. उबेचं कपाट उघडून मी बशा काढल्या. कडा न सोडवलेल्या बशांमध्ये तो उजळ पट्टा होता, दोन्ही टोकांना ताणलेला, मध्ये सरळ. दुसऱ्या बशांमध्ये ते बटण. माझ्या हातात त्या बटणाचीच एक बशी होती आणि मला ती खाली ठेवता येईना. कोटांच्या कपाटाचं दार उघडलं की मला रोज जे दिसत होतं ते हेच होतं.

मी कोट चढवला आणि घरी आले. नवरा चहा करत होता. "इतक्यात झालं काम?" त्याने विचारलं. मी सरळ फोनशी गेले आणि नागपूरचा नंबर लावला. शेजारच्या काकांनी उचलला.

"ताई जरा बाहेर…"

"काका, ती तुमच्या शेजारीच उभी आहे. मला बांगड्या ऐकू येतायत. तिला द्या."

रिसीव्हर हातातून हातात गेल्याची खरखर. मग ताईचा आवाज. "कशी आहे ती?"

"तू फोनवर का येत नाहीस?"

"तिला तुझी होऊ दे गं. मी बोलत राहिले तर तिचं मन तिथे कसं लागेल? मी मनाशी ठरवलंय. तू मला मोडायला लावू नकोस."

"तू हात सोडलास म्हणून ती माझी होणार आहे का? ताई, ती कोटांच्या कपाटात बसून राहते. जेवत नाही. रडतसुद्धा नाही." माझा आवाज चढला होता. ताईशी मी जन्मभर अशीच बोललेय, ती ऐकून घेते म्हणून. "तू तिकडून धरलं नाहीस, तर मी इकडून किती ओढू? नुसता गोळा होऊन बसलीय माझी पोरगी!"

ताईला खरवसाचं आणि बशांचं काही माहीत नव्हतं. तरी तिला ते कळलं. ती रडायला लागली आणि रडत रडतच तिने विचारलं, "पण मी तिला काय सांगू? मावशी बोलतेय म्हणून सांगू?"

नवरा चहाचा कप घेऊन दारात उभा होता. मला त्या वेळी जे हवं होतं ते मी तीन वर्षं मागत आले होते, दुसरं काही मागितलं नव्हतं. आणि ताई ते द्यायला तयार होती, हे मला स्वच्छ ऐकू येत होतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

"आई बोलतेय म्हण," मी म्हटलं.

मी कपाटाचं दार उघडलं आणि लेकीला फोनपाशी आणलं. फोन भिंतीवरचा होता, तिचा हात पुरेना, म्हणून स्टुलावर उभी केली. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाला लावला. तिकडून ताई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. लेकीचा चेहरा मात्र मी बघत होते. तिने इतक्या मोठ्यांदा भोकाड पसरलं की नवऱ्याच्या हातातला चहा सांडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती रडत होती. "आई," ती म्हणाली, "आई, इकडे बर्फ पडला!" बर्फ, कोट, विमानात मिळालेली गोळी, काकू घोरतात, सगळं एका दमात सांगायला लागली, हुंदके देत देत.

पुढे बरीच वर्षं तो रविवारचा फोन चालू राहिला. तिला मी हळूहळू सगळं समजावून सांगितलं, ताईनेही तिकडून सांगितलं, आणि तिलाही ते समजलं. पण शब्द काही बदलला नाही. आई म्हणजे नागपूरची. मला ती शाळेत जायला लागल्यावर मॉम म्हणायला लागली, आणि अजूनही मॉमच म्हणते. त्याचं मला वाईट वाटत नाही असं मी लोकांना सांगते. वाटतं. मुलगी माझी आहे, पुरती माझी आहे, तरी दुकानात कुणाचंही मराठी पोर "आई" म्हणून ओरडलं की मी अजून वळून बघते.

पण त्या शनिवारी मी स्टुलाशेजारी उभी होते. ती ताईशी बोलत होती, मान तिकडे, डोळे तिकडे, तो शब्द तिकडे. बोलता बोलता तिने रिसीव्हर एका हातात घेतला. दुसरा हात तिने न बघताच मागे केला, चाचपत माझ्या स्वेटरची बाही शोधली आणि मुठीत घट्ट धरली. मी जरा सरकले तर तिने ओढली. मी पुन्हा सरकले नाही. फोन संपेपर्यंत मी तशीच उभी राहिले.